साडेअकरा मिनिटं, एकोणीस सेकंद आणि माझा ड्रॉवर

आमच्या ऑफिसातला कॉम्प्युटर सुरू व्हायला आणि त्यातून एक नक्कल बाहेर पडायला साडेअकरा मिनिटं लागतात. ही मिनिटं फुकट जातात असा बाहेरच्या लोकांचा समज आहे. या साडेअकरा मिनिटांत मी घरच्या नळाच्या वॉशरचं माप आठवलेलं आहे, तीन नातेवाइकांना मनातल्या मनात माफ केलेलं आहे आणि त्यांतल्या एकाची माफी दुसऱ्या दिवशी परतही घेतलेली आहे. माझ्या शेजारी बसणाऱ्या टंकलेखिका बाई एवढ्या वेळात पाव किलो मटार सोलतात. थोडक्यात, यंत्र चालू असो वा नसो, आमचा कक्ष चालू असतो.

आमचा कक्ष म्हणजे घरनोंदीचा. कुठलं घर कुणाच्या नावावर आहे याचा लेखी पुरावा हवा असला की लोक आमच्या खिडकीवर अर्ज देतात आणि चौथ्या दिवशी नक्कल घेऊन जातात. चौथा दिवस म्हणजे चौथाच. तिसऱ्या दिवशी कुणी डोकावलं तर मी कॉम्प्युटरकडे बोट दाखवतो, आणि तो बिचारा त्याच वेळी अशी काही घरघर करतो की माणूस आपणहून मागे फिरतो. सोळा वर्षं आम्ही एकमेकांना असे सांभाळून घेत आलो आहोत.

अशा सुखी संसारात वरच्या कार्यालयाचं पत्र आलं. आम्हाला एक नवीन कॉम्प्युटर पाठवण्यात येत आहे; त्यातला प्रोसेसर आणि जुन्यातला प्रोसेसर यांची तुलना करून सोबतच्या प्रपत्रात अहवाल द्यावा. इथपर्यंत ठीक होतं. शेवटचं वाक्य मात्र असं होतं: ‘नवीन यंत्रामुळे अर्जापासून नकलेपर्यंतचा एकूण कालावधी निम्म्याहून कमी होत असल्यास कक्षातील ज्येष्ठ लिपिक अतिरिक्त समजून त्यास दप्तर कोठारात वर्ग करावे.’

कक्षात आम्ही दोघंच, आणि त्यांतला ज्येष्ठ लिपिक मी. दप्तर कोठार म्हणजे शेवटच्या बस स्टॉपवर उतरून पुढे वीस मिनिटं चालल्यावर लागणारी पत्र्याची शेड. तिथे एक पंखा आहे, पण तो कागद उडतात म्हणून लावत नाहीत. निवृत्तीला माझी तीन वर्षं उरली होती. पत्र मी शेजारच्या टेबलावर सरकवलं. टंकलेखिका बाईंनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, “तुमची खुर्ची मला देऊन जाल ना? माझीचा एक पाय हलतो.”

आता तुलना करायची तर प्रोसेसर म्हणजे काय हे समजलं पाहिजे. त्यासाठी मी बायकोच्या भावाला विचारलं. मेहुणा कॉम्प्युटर विकत नाही, दुरुस्तही करत नाही. तो फक्त त्यांच्याविषयी बोलतो. त्यानं मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. “भाऊजी, प्रोसेसर म्हणजे आतला कारकून. सगळा हिशेब तो करतो. तुमच्या जुन्यात एकच कारकून बसलाय. नव्यात सोळा आहेत.”

“सोळा जण मिळून एक नक्कल काढणार?”

“नाही, नकलेला एकच पुरतो. बाकीचे पंधरा रिकामे असतात.”

“मग ह्याला आधुनिक का म्हणायचं? आमच्या वरच्या कार्यालयात हीच पद्धत आहे.”

मेहुण्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. पण सोळांतला तो एकटासुद्धा जुन्याच्या कितीतरी पट चपळ असतो, असं त्यानं सांगितलं, आणि माझ्या डोळ्यांपुढे पत्र्याची शेड उभी राहिली.

यंत्र आलं, पण खोक्यातून बाहेर येईना. भांडारपालांचं म्हणणं असं, की कक्षात एकच कॉम्प्युटर मंजूर आहे, तेव्हा जुना निकालात निघाल्याशिवाय नव्याची नोंद करता येणार नाही. जुना निकालात काढायचा तर तो मंद असल्याचा अहवाल हवा. अहवाल द्यायचा तर नव्याशी तुलना हवी. तुलना करायची तर नवा नोंदवून घ्यायला हवा. हे सगळं त्यांनी मला एका दमात, अजिबात न अडखळता सांगितलं. मला त्यांचा मनापासून आदर वाटला, कारण इतका निर्दोष अडथळा मलासुद्धा सुचला नसता.

मी साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, “तुम्ही अनुभवी आहात. काहीतरी मधला मार्ग काढा.” साहेब कुणालाही अनुभवी म्हणाले की त्यानं आपलं आपण बघून घ्यायचं असतं.

मधला मार्ग माझ्या घरातून गेला. शनिवारी दुपारी मी दोन्ही यंत्रं टेम्पोत घातली. जुन्यासाठी फाटकावर चिठ्ठी लागते, म्हणून ‘यंत्र नादुरुस्त असून तपासणीसाठी बाहेर नेत आहे’ असं लिहिलं. सोळा वर्षांच्या सोबत्याबद्दल असं लिहिताना हात जड झाला. पहारेकऱ्यानं चिठ्ठी वाचली आणि दुसऱ्या खोक्यावर काठी टेकवली.

“ह्याची चिठ्ठी?”

“ह्याची नोंदच झालेली नाही.”

“नोंद नाही, मग आत कसं आलं?”

“कागदोपत्री आलेलंच नाही.”

त्यानं जरा विचार केला आणि फाटक उघडलं. “मग जाऊ द्या,” म्हणाला. जे आलंच नाही ते जाताना अडवणार कसं, हा मुद्दा त्याला माझ्याआधी कळला होता.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर दोन्ही यंत्रं शेजारीशेजारी मांडली. बायकोनं एकदा टेबलाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. “जेवायचं कुठे?” तिनं विचारलं. मी सरकारी काम आहे म्हणालो. तिनं आत जाऊन सरकारी कामाचा निषेध म्हणून वॉशिंग मशीन लावलं. मेहुणा स्वतःचा प्रिंटर घेऊन आला होता. त्यानं आदल्या दिवशी जुन्यातल्या नोंदी नव्यात उतरवून घेतल्या होत्या. त्यानं सगळ्या वायरी जोडल्या, दोन्ही बटणं एकदम दाबली, आणि आमच्या घरातलेच नव्हे तर सगळ्या जिन्यातले दिवे गेले.

दिवे गेले की आमच्या इमारतीत माणसं बाहेर येतात. पाच मिनिटांत कारणाचा शोध घेत सगळे आमच्या दारात जमले. वरचे विमा एजंट आले, समोरच्या नर्स वहिनी आल्या आणि तळमजल्यावरचे ड्रॉइंग मास्तर आले. मास्तरांनी चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आहे. ते कुठेही गेले तरी आधी भिंतीच्या रंगाकडे बघतात आणि मान हलवतात. आमच्या भिंतीकडे बघूनही त्यांनी हलवली.

फ्यूज बसेपर्यंत सल्ले सुरू झाले. विमा एजंट म्हणाले, दोघांना एकदम पळवू नका, म्हाताऱ्याला आधी सोडा, वयाचा मान ठेवा. नर्स वहिनींनी जुन्याच्या पाठीवर हात ठेवला, घरघर ऐकली आणि विचारलं, “ह्याला आणलं कुणी? अशा केसला हलवायचं नसतं.” कुणाचाही सल्ला मी मागितला नव्हता, पण माझ्या घरात माझं मत विचारात घेण्याची प्रथा शेजाऱ्यांनी कधीच मोडून काढलेली आहे.

वॉशिंग मशीन बंद करण्याच्या अटीवर वाटाघाटी झाल्या. वेळ मोजायचं काम बायकोनं स्वतःकडे घेतलं; स्वयंपाकघरातलं टिकटिक करणारं घड्याळ तिनं मांडीवर ठेवलं. चाचणीसाठी खरा अर्ज हवा, म्हणून मी ऑफिसच्या पिशवीतला सगळ्यात वरचा अर्ज काढला. तो निघाला ड्रॉइंग मास्तरांचा. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनीच खिडकीवर दिला होता. नातीला जवळच्या शाळेत घालायचं होतं, तिथे राहत्या घराचा पुरावा मागितला होता आणि शाळेची शेवटची तारीख होती मंगळवार. शनिवार-रविवारच्या सुट्ट्या सोडून चौथा दिवस बुधवारी येत होता. हे त्यांनी मला शुक्रवारीही सांगितलं होतं, आणि मी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं होतं.

आधी जुना. बटण दाबलं. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ उमटली आणि लुकलुकत राहिली. चौथ्या मिनिटाला मी नेहमीप्रमाणे त्याच्या डाव्या अंगावर दोन चापट्या मारल्या. मेहुणा म्हणाला हे नियमात बसत नाही. मी म्हणालो, सोळा वर्षं बसतंय. सहाव्या मिनिटाला विमा एजंटांनी मेहुण्याला एक पॉलिसी समजावून सांगायला घेतली. नवव्या मिनिटाला बायको कुकर लावून आली. अकराव्याला घरनोंदीचं पान उघडलं, आणि साडेअकराला प्रिंटरमधून मास्तरांची नक्कल बाहेर आली. मी सगळ्यांकडे पाहिलं. मला वाटलं होतं टाळ्या पडतील.

मग नवा. मेहुण्यानं बटण दाबलं. मी खुर्चीत नीट टेकतो न टेकतो तोच प्रिंटर वाजला. मला वाटलं जुन्याचाच एखादा राहिलेला कागद येतोय. बायकोनं घड्याळ बघितलं. “एकोणीस सेकंद,” ती म्हणाली, आणि घड्याळ कानाला लावून ते चालू असल्याची खात्री केली.

मी गेलो, असं मला स्पष्ट वाटलं. तेवढ्यात ड्रॉइंग मास्तर पुढे आले, त्यांनी कागद उचलून वाचला आणि अगदी साधेपणानं म्हणाले, “माझंच घर आहे. मग ह्यावर सही-शिक्का करून उद्या देता का? मंगळवारी शाळेत देतो.”

“उद्या नाही मिळणार, मास्तर. बुधवारी.”

“का? झाली की तयार.”

“चार दिवस लागतात.”

“एकोणीस सेकंद लागले ना आत्ता? आम्ही सगळ्यांनी पाहिलं.”

“ते यंत्राचे. चार दिवस ऑफिसचे.”

“पण चार दिवस त्याचं करता काय?”

मी बोट दाखवायला वळलो. जुना कॉम्प्युटर थकून बंद पडला होता आणि नव्याकडे बोट दाखवण्यात काही अर्थ नव्हता. दारात अर्धी इमारत उभी होती. “साहेबांची सही असते,” मी म्हणालो. मास्तरांनी कागद होता तसा टेबलावर ठेवला, कडा सरळ केल्या आणि जिना उतरून गेले. ते भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

जेवताना, म्हणजे पलंगावर ताट घेऊन बसलो असताना, बायकोनं तोच प्रश्न विचारला. “खरंच, चार दिवस काय करता तुम्ही?” मी मनात मोजू लागलो. पहिल्या दिवशी अर्ज येतो, नक्कल काढतो. ती माझ्या ड्रॉवरमध्ये जाते. चौथ्या दिवशी काढतो, साहेबांकडे नेतो, साहेब सही करतात, शिक्का मारतो. मधले तीन दिवस ती ड्रॉवरमध्ये असते. ड्रॉवरमध्ये तिचं काय होतं, हे मला माहीत नव्हतं. मी नोकरीला लागलो तेव्हा आमचे हेडक्लार्क भाऊसाहेब यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “नक्कल झाली की तीन दिवस ड्रॉवरमध्ये. त्याआधी बाहेर काढलीस तर माझ्याशी गाठ आहे.” तीस वर्षं मी ड्रॉवरला कुलूप लावत आलो आणि त्यात मला मोठी जबाबदारी वाटत आली.

भाऊसाहेब निवृत्त होऊन बावीस वर्षं झाली. संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते गच्चीत कुंड्यांना पाणी घालत होते. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, “भाऊसाहेब, नक्कल तीन दिवस ड्रॉवरमध्ये का ठेवायची?”

“शाई वाळायला,” ते म्हणाले.

“कसली शाई?”

“अरे, आपण टाकानं लिहायचो नाही का? ती ऑफिसची शाई म्हणजे चिकट, आणि खोलीला ओल. तीन दिवसांआधी हात लागला तर सगळं फासायचं. एकदा साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर अख्खं घर उमटलं होतं, मालकाच्या नावासकट.” ते हसले आणि मग झारी खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. “का रे? अजून ठेवता?”

मी नाही म्हणालो. तीस वर्षांत भाऊसाहेबांशी मी पहिल्यांदाच खोटं बोललो.

सोमवारी सकाळी मी मास्तरांची नक्कल घेऊन थेट साहेबांच्या खोलीत शिरलो. साहेबांनी पेन काढलं, सही केली. “एवढ्या लवकर?” ते म्हणाले. “मला वाटायचं तुमच्याकडे कामाचा फार ताण आहे, म्हणून तीन दिवसांनी आणता. मी कधी विषय काढला नाही.” मी शिक्का मारला. सगळ्याला मिळून चार मिनिटं लागली, त्यांतली दोन शिक्क्याचं पॅड शोधण्यात गेली. दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन मी नक्कल मास्तरांच्या हातात दिली.

मास्तरांनी माझे दोन्ही हात धरले. “माझ्यासाठी फार धावपळ केलीत हो,” ते म्हणाले. “नातीला सांगतो, तुमच्यामुळे शाळा मिळाली.” मी धावलो होतो किती, तर माझ्या टेबलापासून साहेबांच्या दारापर्यंत तीस पावलं. मला इतकी लाज वाटली की आत बोलावत होते तरी मी पाण्यालाही थांबलो नाही.

आता प्रश्न प्रपत्राचा. त्यात दोनच रकाने होते: जुन्या यंत्राने लागणारे दिवस आणि नवीन यंत्राने लागणारे दिवस. खाली ‘फरकाचे कारण’. दोन्हीकडे चार लिहिले असते तर पत्र्याची शेड टळली असती आणि कुणाला पत्ताही लागला नसता. टंकलेखिका बाई तसंच म्हणाल्या. “चार-चार लिहा आणि मोकळे व्हा. खुर्चीचं मी बघते काहीतरी.” हे त्यांच्याकडून मोठं औदार्य होतं. मी पेन घेऊन बसलो, बटण दाबून कॉम्प्युटर सुरू व्हायची वाट पाहतो तसा. साडेअकरा मिनिटांनी मी लिहिलं: जुने यंत्र, चार दिवस. नवीन यंत्र, एक दिवस. फरकाचे कारण: ‘तीन दिवसांचा विलंब यंत्राचा नसून माझ्या ड्रॉवरचा आहे. पूर्वी नक्कल टाकाने लिहीत असल्याने शाई वाळण्यासाठी ती तीन दिवस ठेवली जात असे. सदर प्रथा विनाकारण चालू राहिली. चूक माझी आहे.’

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं माळ्यावरून दोन कप्प्यांचा जुना डबा काढला आणि घासायला घेतला. “लांबचा प्रवास आहे, एका कप्प्यानं भागणार नाही,” म्हणाली. त्या दिवशी मला ती फार आवडली, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. तिनं मला छत्रीच्या काड्या तपासायला सांगितल्या.

महिना गेला. डबा रोज ओट्यावर तयार असायचा. शेवटी वरच्या कार्यालयाचं पत्र आलं. साहेबांनी मला बोलावून ते स्वतः वाचून दाखवलं.

‘आपल्या अहवालावरून असे निदर्शनास आले आहे की, आपल्या कार्यालयातून एक नक्कल विहित काळ न वाळवता एका दिवसात अर्जदारास देण्यात आली. ही बाब गंभीर असून संबंधितास समज देण्यात येत आहे. तसेच नकला वाळवण्याची प्रथा फक्त आपल्याच कार्यालयात पाळली जाते व इतरत्र तिचा अवलंब होत नाही, हेही लक्षात आले. सबब यापुढे सर्व कार्यालयांनी प्रत्येक नक्कल सही-शिक्क्यापूर्वी तीन दिवस बंद ड्रॉवरमध्ये ठेवावी. या कामी अनुभवाची गरज असल्याने आपल्या कक्षातील ज्येष्ठ लिपिकाचे पद कायम ठेवण्यात येत आहे.’

खाली लिहिलं होतं, सोबत ड्रॉवर पाठवत आहोत.

मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. तीन वर्षं त्याच खुर्चीत, त्याच खिडकीशी, घरापासून चालत दहा मिनिटांवर. पत्राची घडी मात्र मी दोनदा उलगडून पुन्हा केली. टंकलेखिका बाईंनी अभिनंदन केलं आणि आपल्या खुर्चीच्या हलत्या पायाखाली कागदाची जुनी घडी पुन्हा सरकवली.

ड्रॉवर पोलादी आला, जुन्याच्या दुप्पट मोठा, दोन किल्ल्यांचा. भांडारपालांनी त्याची नोंद पाच मिनिटांत करून घेतली. जुना कॉम्प्युटर चाचणीनंतरच्या सोमवारीच चिठ्ठी दाखवून परत कक्षात आला होता; तो घरघरतोच आहे. नवा अजून आमच्या जेवणाच्या टेबलाखाली आहे. कागदोपत्री तो कुठेच नसल्यानं कुणी मागत नाही, आणि आम्ही त्याच्यावर पाय ठेवून जेवतो.

परवा ड्रॉइंग मास्तर खिडकीवर आले. दुसऱ्या नातीचा प्रवेश आहे, पुन्हा नक्कल हवी होती. माझ्याकडे बघून त्यांना इतका विश्वास वाटला की त्यांनी पिशवी खालीच ठेवली नाही, आत्ता घेऊन लगेच निघायचं म्हणून. साडेअकरा मिनिटं आम्ही दोघं छान बोललो. नक्कल बाहेर आली. मास्तरांनी हात पुढे केला. मी कागद मागे घेतला.

“मास्तर, चार दिवसांनी या.”

“आता काय झालं?”

“शाई वाळायची आहे.”

मास्तरांनी खिडकीतून हात आत घातला, कागदावर अंगठा घासला, आणि चाळीस वर्षं रंग हाताळलेला तो अंगठा उजेडात धरून मला दाखवला. तो स्वच्छ होता.

“वाळलीय की हो,” ते म्हणाले.

“हो,” मी म्हणालो, आणि दोन्ही किल्ल्या फिरवल्या.